सहाणेवरचं औषध

अप्पांना दिवसाला सात गोळ्या होत्या. सकाळी चार, दुपारी एक, रात्री दोन. छातीत दुखायला लागलं त्याला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत गोळ्या एकेक करून वाढत गेल्या, कमी कधी झाल्या नाहीत. सकाळच्या चार गोळ्या ते डब्याच्या झाकणात मांडायचे आणि कॉफी निवेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसायचे. यांनीच पोट भरतं, इडली कशाला करतेस, असं अम्माला म्हणायचे. अप्पा माझे वडील, अम्मा माझी आई. ती इडली वाढायचीच.

घरात आम्ही तिघंच. मी चोपन्न वर्षांची, लग्न न केलेली, पुढच्या खोलीत हिंदीच्या शिकवण्या घेणारी. तंजावरात आमच्यासारख्या घरांत बोलणं मराठीत चालतं, पण देवनागरी वाचता येणारी घरात मी एकटीच, आणि तीही हिंदीच्या कृपेनं. अप्पा कालव्यांच्या खात्यात नोकरीला होते, त्यांचं इंग्रजी चांगलं होतं, पण डोळे अधू झाले होते. अम्माला तमिळपलीकडे वाचता येत नाही. औषधांवरचं इंग्रजी वाचणारी मी एकटीच उरले. तेव्हा औषधांचा सगळा कारभार माझ्याकडे होता, आणि तो मी तोऱ्यात करायचे.

गेल्या वर्षी आडी हा तमिळ महिना, आपला आषाढ-श्रावण, संपता संपता अप्पांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ती यादी पाहिली आणि हसून म्हणाले, पुरे झालं हे. त्यांनी नवी कॅप्सूल लिहून दिली. रक्त पातळ ठेवणारं, चरबीचं, रक्तदाबाचं आणि ठोके आवरणारं, अशी चार औषधं एकीत. साताच्या दोन झाल्या. सकाळी ही कॅप्सूल आणि रात्री पोटासाठी एक लहानशी गोळी. शिवाय छातीत कळ आली तर जिभेखाली धरायची गोळी, ती अप्पांच्या खिशात असायचीच. अप्पा इतके खूष झाले की दवाखान्याच्या पायऱ्या माझा हात न धरता उतरले.

डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. नाश्त्यानंतर, रोज एकाच वेळी. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. गुडघ्यासाठी दुसरी कसली गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जुन्या पट्ट्या घरात ठेवायच्या नाहीत, कारण त्यातलीच औषधं आता कॅप्सूलमध्ये आहेत, चुकून दोन्ही घेतली तर मात्रा दुप्पट होईल. ते आणखी एक वाक्य म्हणाले होते, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. कॅप्सूल अख्खी नाही गिळायची तर काय चावायची, असं मला तेव्हा वाटलं.

घरी आल्या आल्या मी जुन्या पट्ट्या शोधून काढल्या. अम्मा काही टाकत नाही. उरलेली औषधं ती पापडाच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या खणात, कुठेही ठेवते. मी सगळे खण उपसले, एकूण एक पट्टी गोळा केली आणि सगळ्या औषधाच्या दुकानात परत दिल्या. आता चुकायला जागा नाही, अशा ऐटीत मी त्या रात्री जेवले. मी जणू एका दाराला कुलूप लावून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले होते; दुसरं दार उघडंच होतं.

आठवड्याभरात एकादशी आली. अम्माचं सोवळं कडक आहे आणि माझी जीभ तिखट आहे, हे दोन्ही आमच्या गल्लीला माहीत आहे. त्या दिवशी शिकवणीच्या मुलांनी आणलेला कांद्याचा समोसा मी विसरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. अम्मानं सगळी फळी पुन्हा धुतली, धुताना मला ऐकवत राहिली, की पन्नाशी उलटली तरी अक्कल नाही, देवाधर्माची चाड नाही. बराच वेळ ऐकून घेतल्यावर माझं डोकं फिरलं. पेपरात कधीतरी वाचलं होतं ते मी तिच्या तोंडावर फेकलं. म्हटलं, कांद्याचं काय घेऊन बसलीस, अप्पांना रोज सकाळी सोवळ्यात जी कॅप्सूल देतेस तिचं कवच गाईगुरांच्या हाडांचं आणि कातड्याचं असतं.

अम्माचा हात थांबला. तिनं विचारलं, खरंच? मी म्हटलं, खरंच, दुकानात जाऊन विचार. ती दुकानात गेली नाही. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता. पुढे दिवसभर तिनं कांद्याचा विषय काढला नाही आणि मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. ते तसं वाटलं होतं, हे मी इथे लिहून ठेवते.

आमच्या घरात दोन सहाणा आहेत. एक देवाच्या चंदनाची. दुसरी लहान, काळी, मधे खोलगट झालेली, ती बाळगुटीची. मी, माझा धाकटा भाऊ, भावाची मुलं, सगळ्यांना तिच्यावर वेखंड, जायफळ, सुंठ उगाळून मधातून चाटवलेलं. घरात लहान मूल उरलं नाही तेव्हापासून ती कपाटात होती. त्या एकादशीनंतर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत दिसायला लागली, रोज सकाळी धुऊन पालथी घातलेली. मला वाटलं अम्मा स्वतःच्या गुडघ्याला सुंठ उगाळून लावत असेल. मी विचारलं नाही. सकाळी सात ते साडेआठ माझी शिकवणी असते आणि अप्पांचं औषध नेमकं त्याच वेळात असायचं.

ती काय करत होती ते मला पुढे कळलं, पण इथेच सांगते. ती कॅप्सूल उघडायची, कवच कागदात गुंडाळून तुळशीपासून लांब, मागच्या कचऱ्यात टाकायची. आत तीन इवल्या गोळ्या असायच्या आणि थोडी पूड. ते सगळं ती सहाणेवर मधात उगाळायची, एकही कण राहू नये म्हणून बोटानं पुसून घ्यायची आणि अप्पांना चाटवायची. औषध टाकायचं नव्हतं तिला. औषध द्यायचं होतं, फक्त हाड द्यायचं नव्हतं. शिवाय जिभेखालच्या गोळीचं तिनं सहा वर्षं पाहिलं होतं, की ती गिळायची नाही, विरघळू द्यायची, म्हणजे लवकर गुण येतो. मग विरघळवून दिलेलं वाईट कसं असेल? मी तिच्या जागी असते आणि मला तेवढंच माहीत असतं, तर मीही हेच केलं असतं.

अप्पांनाही गंमत वाटायची म्हणे. पंचाहत्तरी उलटल्यावर पुन्हा गुटी मिळतेय, असं म्हणून ते बोट पुढे करायचे.

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना नाश्त्यानंतर तासाभरानं घेरी यायला लागली. भिंतीला हात टेकून उभे राहायचे. हात गार पडायचे. घरातल्या यंत्रावर रक्तदाब मोजला तर आकडा फार खाली आला. मी यंत्राच्या बॅटऱ्या बदलल्या. आकडा तसाच आला, तेव्हा मी यंत्र जुनं झालं असं ठरवलं. पुढची तपासणी दहा दिवसांवर होती. मधेच फोन करून डॉक्टरांना त्रास कशाला, असा विचार मी केला आणि अप्पांना मीठ घालून ताक प्यायला सांगितलं. वय झालं, असं मी त्यांना म्हणाले. ते म्हणाले, ते तर झालंच आहे, आज नवीन काय झालं?

बुधवारी सकाळी मी दहावीच्या मुलींना व्याकरणातला संधी शिकवत होते. मागच्या दारी काहीतरी पडल्याचा आवाज आला. बादली असेल असं वाटून मी वाक्य पूर्ण केलं. मग अम्माची हाक आली. अप्पा हात धुवायला नळाजवळ गेले होते आणि कपडे धुवायच्या दगडावर डोकं आपटून पडले होते. रक्त आलं नव्हतं. कानाच्या वर एक टेंगूळ, तेवढंच. ते स्वतः उठून आत आले, खुर्चीत बसले, मुलींना घरी पाठवू नकोस म्हणाले. मी त्यांचं ऐकलं आणि शिकवणी संपवली. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा त्यांचे शब्द जड येत होते आणि घास तोंडाच्या बाजूला जात होता.

इस्पितळात स्कॅन झालं. डोक्याच्या आत रक्तस्राव होता. रक्त पातळ करणारं औषध पोटात असल्यामुळे तो थांबायचं नाव घेत नव्हता.

योगायोगानं त्या दिवशी आमचे हृदयाचे डॉक्टरच तिथे होते. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, नाडी इतकी मंद कशी, जुनी औषधं अजून चालू आहेत का? मी ताठ मानेनं सांगितलं, एकही नाही, सगळी मी स्वतः परत दिली. मग कॅप्सूल एकाऐवजी दोन दिल्या का? मुळीच नाही, रोज एकच. अम्मा शेजारच्या बाकावर बसली होती. तिला वाटलं डॉक्टर औषध चुकवल्याबद्दल विचारतायत. ती उठून आली आणि तमिळमधे म्हणाली, एक दिवस चुकवलं नाही हो, रोज मधात उगाळून दिलं. आणि कसं ते समजावं म्हणून तिनं डाव्या तळहातावर उजव्या हाताचं बोट गोल गोल फिरवून दाखवलं.

 मग डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. म्हणाले, त्यातली एक गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. उगाळली की सगळं औषध एकदम अंगात जातं, ठोके मंदावतात, दाब पडतो, माणूस घेरी येऊन पडतो. म्हणूनच अख्खी गिळायला सांगतो. एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, यामुळेच पडले असं मी छातीठोक सांगू शकत नाही, या वयात माणसं अशीही पडतात.

अप्पांनी आयुष्यभर कालव्यांचे दरवाजे सांभाळले. पाणी एकदम सोडलं तर बांध फुटतात, म्हणून ते वीतभर, वीतभर सोडायचे आणि रात्री उठून बघून यायचे. डॉक्टर बोलत असताना मला तेच आठवत होतं. मला रडू आलं नाही. मी तपासणीच्या कागदांची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून.

अम्मानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, वय झालंय म्हणाले. अम्माला इंग्रजी येत नाही, याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

अप्पा तिसऱ्या दिवशी गेले. भाऊ चेन्नईहून आला, त्यानं सगळं केलं. ते दिवस मला नीट आठवत नाहीत. केळीची पानं आठवतात, दारातल्या चपला आठवतात, आणि लोकांना पाणी देताना मी पेले मोजत होते हे आठवतं. ओरत्तनाडू गावची एक आत्या म्हणाली, मुलगी खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला काही लागतच नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी अम्मानं मला पहिल्यांदा विचारलं. आम्ही दोघी पत्रावळी मोजत होतो.

“मी त्यांस औषध बरोबर दिलं होतं न?”

“हो,” मी म्हटलं.

त्यानंतर ती कधीही विचारायची. भाजी चिरताना, पापनाशमच्या बसची वाट बघताना, एकदा तर देवळात आरती चालू असताना. तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मी दर वेळी हो म्हणायचे, न थांबता, दुसरं काम करता करता. खरं सांगून काय होणार होतं? अप्पा परत येणार नव्हते, आणि उरलेलं आयुष्य ती आपल्या बोटाकडे बघत बसली असती. माझा दुसराही हिशेब होता. तो असा, की उगाळायचं कारण निघालं असतं, तर ते माझ्या तोंडातूनच निघालं होतं. भावानं फोनवर एकदा विचारलं, अप्पा असे अचानक कसे पडले? मी त्यालाही वय म्हणून सांगितलं. छोटी सहाण मी कापडात गुंडाळून माळ्यावर तांदळाच्या रिकाम्या पिंपात टाकून दिली.

आठ महिने असे गेले. मग जिना चढताना अम्माच्या छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. थांबलं की बरं वाटायचं, चढलं की पुन्हा. तिनं ते मला महिनाभर सांगितलं नाही. एकदा जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेली सापडली, तेव्हा मी तिला त्याच डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. हृदयाला रक्त कमी पडत होतं. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी लिहिली आणि त्याखाली तीच कॅप्सूल.

अम्माला बाहेर बसवून मी आत परत गेले. कवचाच्या हाडांचं सगळं सांगून विचारलं, वेगवेगळ्या गोळ्या देता येणार नाहीत का? ते म्हणाले, येतील, पण ठोक्यांची ती गोळी त्यातही तशीच असेल, हळूहळू विरघळणारी, आणि तीही उगाळायची नसेलच. कवचाच्या भीतीनं कॅप्सूल उघडली काय आणि सवयीनं गोळी उगाळली काय, परिणाम तोच. बाई सोवळ्याच्या आहेत, त्यांना कारण कळलं नाही तर तुमची पाठ वळताच त्या पुन्हा उगाळतील. मग ते म्हणाले, “तुम्हाला त्यांना सांगावं लागेल.” काय सांगायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बसमध्ये तिनं खिडकीची जागा घेतली. दोन्ही बाजूंनी भाताची खाचरं मागे जात होती. मी सांगायचं ठरवलं, आणि रद्द केलं, असं घर येईपर्यंत चाललं. सांगितलं तर ती आतून मोडेल. नाही सांगितलं तर ती रोज सकाळी मी शिकवणीत असताना, सोवळं पाळून, अतिशय काळजीपूर्वक, स्वतःचा जीव घेईल. शेवटी मी डॉक्टरांच्या नावावर खपवायचं ठरवलं. शिकवणीची वेळ बदलून आठनंतर ठेवली.

सकाळी दोन इडल्या खाऊन झाल्यावर अम्मा उठली आणि कपाट उघडून काहीतरी शोधायला लागली.

“छोटी सहाण कोठं आहे?”

“अम्मा, ही अख्खी गिळायची आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.”

ती कपाटाशीच उभी राहिली. मला वाटलं आता हाडांवरून वाद घालेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. आजारात दोष लागत नाही वगैरे.

“त्यांच्या वेळेसही सांगितलं होतं?”

मला आठ महिन्यांची सवय होती. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, जे सोपं असेल ते. पण इथे हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी, पुढे खरंच यायचं होतं.

“हो,” मी म्हटलं. “मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही.”

ती येऊन खुर्चीवर बसली. अप्पांच्याच.

“उगाळून दिलं म्हणून पडले न ते?”

“डॉक्टर म्हणाले नक्की सांगता येत नाही.” मग मी म्हटलं, “पण हो, अम्मा. बहुतेक त्यानंच.”

तिनं कॅप्सूल तळहातावर घेतली. बोटानं थोडी हलवली, जसा तांदळातला खडा बघतात तशी. डोळे कोरडे होते. माझेही.

“मज ठाऊक होतं,” ती म्हणाली. “डॉक्टर तुजशी इंग्रजीत बोलत होता, पण बघत माझ्या हाताकडे होता.”

 मी विचारलं, माहीत होतं तर इतके महिने मला का विचारत होतीस?

“तू केव्हा सांगतेस ते बघत होते. सहाणही म्हणूनच मागितली.”

तिनं पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि मान मागे टाकली. पहिल्यांदा ती घशात अडकली. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, पण तिनं ती बाहेर येऊ दिली नाही. पुन्हा पाणी घेतलं. गेली. मग ती मागे नळाजवळ गेली आणि कपड्यांच्या दगडाला हात टेकून, तोंडात पाणी घेऊन तीनदा चूळ भरली.

आत येताना ती माझ्याजवळ थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “हाडांचं तूच सांगितलं होतंस, हे मी तुझ्या भावास बोलले नाही. कोणासच बोलले नाही.”

एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. तिचा पेला टेबलावरच राहिला होता. तो मी उचलला, धुतला आणि उद्या सकाळी सापडावा म्हणून कॅप्सूलच्या पट्टीशेजारी पालथा घातला.